हाली, कलदार आणि रूबल

सात हालीचे सहा कलदार. आमच्या आबांना मध्यरात्री झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हा हिशोब चुकला नसता. आबा म्हणजे माझे आजोबा, लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते, पोलीस ॲक्शनच्या आधीपासून. निजामाच्या राज्यात निजामाचा रुपया चालायचा, त्याला हाली सिक्का म्हणायचे, आणि बार्शीला गेलं की इंग्रजांचं राज्य, तिथं कलदार. लातूरचा माल बार्शी लाईट रेल्वेनं तिकडं जायचा, पैसे यायचे कलदारात, आणि इकडं शेतकऱ्याची पट्टी, हमाली, गाडीभाडं सगळं द्यायचं हालीत, म्हणून आबांच्या वहीत पानोपानी दोन रकाने आहेत. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सराफाचा बट्टा वेगळा.

ती वही गेल्या महिन्यात मी वर्गात घेऊन गेले. तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते मी, थर्ड इयरला एक टॉपिक आहे, सरकारी नियोजनातून बाजाराकडं वळलेले देश आणि त्यांच्या मध्यवर्ती बँका. दरवर्षी पोरं मुकाट लिहून घेतात आणि परीक्षेत तसंच उतरवतात. या वर्षी मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे रशिया-पोलंडचं आपल्याला कशाला शिकवायलाव?" पोरगा उद्धट नाही, त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्या दिवशी मलाही पटेल असं उत्तर देता आलं नाही. घरी येऊन लई विचार केला, मग वही काढली. पण ४८ मिनिटांच्या तासात हे सगळं बसत नाही म्हणून इथं लिहायलेय, मोठं होईल, वेळ काढून वाचा.

आधी आपल्या घरापासून सुरू करू. हैदराबाद संस्थानाची स्वतःची नाणी तर होतीच, १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटाही होत्या, आणि १९४१ मध्ये कायदा करून निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट बँक काढली. ही बँक म्हणजे संस्थानाची मध्यवर्ती बँकच. हालीचा कारभार तिच्याकडं, सरकारी कर्जाचा हिशोब तिच्याकडं, आणि शिवाय लोकांच्या ठेवी घेणं, व्यापाऱ्यांना कर्ज देणं हेही तीच करायची. पैसा हा राज्याचा किती आतला विषय असतो ते १९४७ च्या शेवटी दिसलं, निजाम सरकारनं भारतीय रुपया संस्थानात चालणार नाही असा हुकूम काढला आणि पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज द्यायला निघालं, त्यावरून दिल्ली खवळली. आपल्याकडच्या स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक ताब्यात घेतली ती गोष्ट तर नांदेडकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. मग भारतीय फौजा आल्या, तीच पोलीस ॲक्शन, आणि सप्टेंबरात १७ तारखेला आपण निजामाच्या राज्यातून मोकळे झालो.

पण पैसा त्या दिवशी बदलला नाही. हे मला आबांच्या वहीमुळं कळलं, पुस्तकात वाचून ध्यानात राहिलं नसतं. १९४८ नंतरच्या पानांवरही दोन रकाने तसेच चालू आहेत. १९५० पासून भारतीय रुपया इथं अधिकृतपणे सोबत आला, दर तोच, सातास सहा, १९५१ ला नवीन हाली काढणं थांबलं, आणि हाली पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडलं. अकरा वर्षं. कोणाची ठेव बुडाली नाही, कोणाला रात्रीतून रांगेत उभं राहावं लागलं नाही, हालीचा रकाना हळूहळू रिकामा होत गेला आणि एका वहीत तो आखलेलाच नाही. आणि ती हैदराबाद स्टेट बँक? ती १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात गेली, नाव झालं स्टेट बँक ऑफ हैदराबाद, १९५९ ला स्टेट बँकेची उपकंपनी, आणि १ एप्रिल २०१७ ला विलीन. म्हणजे आपली एसबीएच! आपल्या बापांचं पीककर्ज, मास्तरांचा पगार, पोरांची स्कॉलरशिप सगळं जिच्यात यायचं ती बँक एकेकाळी एका राज्याची मध्यवर्ती बँक होती. पोरांना हे सांगितलं तेव्हा वर्गात पहिल्यांदा माना वर झाल्या.

आपल्याकडं हे निभावलं याचं कारण साधं आहे, पलीकडं रिझर्व्ह बँक उभी होती, १९३५ पासूनची, चिंतामणराव देशमुखांसारखा माणूस गव्हर्नर राहून गेलेला, तिची घडी बसलेली होती. आपण तिच्यात जाऊन मिळालो. १९९० च्या आसपास ज्या देशांवर बदलायची वेळ आली त्यांना जाऊन मिळायला कोणीच नव्हतं. त्यांना एका मोठ्या सरकारी बँकेच्या पोटातून मध्यवर्ती बँक काढायची होती, आणि तीही घर पेटलेलं असताना.

आता ती जुनी व्यवस्था काय होती ते बघा, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोव्हिएत युनियनमध्ये १९३० च्या दशकापासून खरी बँक म्हणावी अशी एकच, गॉसबँक. नोटा तीच काढणार, सरकारचा खजिना तीच सांभाळणार, कारखान्याला कर्ज तीच देणार, एका कारखान्यानं दुसऱ्याला द्यायचे पैसे तिच्याच वहीत इकडून तिकडं लिहिले जाणार. किती ट्रॅक्टर बनवायचे, किती पोलाद कोणाला द्यायचं हे प्लॅन ठरवायचा आणि पैसा प्लॅनच्या मागं मागं चालायचा. कारखाना तोट्यात असला तरी प्लॅनमध्ये असला की पैसे मिळणारच. हंगेरीचे अर्थतज्ञ यानोश कोर्नाई यांनी आयुष्यभर हाच प्रश्न अभ्यासला, की ज्याला माहीत असतं आपण बुडालो तरी कोणीतरी भरणार आहे, तो माणूस खर्च करताना हात आखडत नाही, आणि सगळी अर्थव्यवस्थाच अशा माणसांनी भरली की टंचाई कधी संपत नाही.

आबांचा एक नियम होता, मोंढ्यातल्या सगळ्याच जुन्या मुनिमांचा असंल. गल्ल्याची चावी ज्याच्याकडं त्याच्याकडं वही नको. रोकड शेटजी मोजणार, लिहिणार मुनीम, आणि संध्याकाळी दोन्ही जुळलं पायजे, नाही जुळलं तर दोघंही घरी जाणार नाहीत. गॉसबँकेत चावी, वही आणि उधार मागणारा हात, तिन्ही एकाच घरातले होते. त्या बँकेला सत्तर वर्षांत कोणाला नाही म्हणायची सवयच लागली नव्हती, आणि बाजाराच्या व्यवस्थेत मध्यवर्ती बँकेचं पहिलं काम तेच आहे, समोर कोण मागायलंय ते न बघता नाही म्हणता येणं.

कागदावर बदल लवकर झाले. चीननं १ जानेवारी १९८४ ला रिझर्व्ह बँकेसारखं काम पीपल्स बँकेकडं ठेवून कर्जवाटप दुसऱ्या बँकेकडं काढून दिलं, हंगेरीनं १९८७ ला, सोव्हिएत युनियन आणि व्हिएतनामनं १९८८ ला, पोलंडनं १९८९ ला, चेकोस्लोव्हाकियानं १९९० ला. पाट्या बदलल्या. माणसं तीच, फोन करणारे तेच, फोन उचलणारे पण तेच.

पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन मोडलं, पंधरा देश झाले, पण चलन एकच राहिलं, रूबल. प्रत्येकाची आता स्वतःची मध्यवर्ती बँक. नोटा छापायचं मशीन फक्त मॉस्कोकडं, पण खात्यावर आकडा लिहून कर्ज देणं तर कुठल्याही राजधानीत बसून जमत होतं. म्हणजे बघा, पंधरा भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, पण किराणा दुकानातलं खातं जुनंच, बापाच्या नावावर एकच, आणि बाप आता हयात नाही. जो भाऊ जास्त उचलंल त्याचा आज फायदा, फेडायचं मात्र सगळ्यांनी मिळून. अशा खात्यावर कोण काटकसर करंल? जो हात राखून वागला तो बावळट ठरला. युक्रेननं जानेवारी १९९२ मध्येच रूबलच्या जागी चालणारी स्वतःची कुपनं काढली, पण वहीवर कर्ज लिहायची सवय तीच, शेतीला द्या, कोळशाच्या खाणींना द्या, कारखान्यांना द्या, आणि १९९३ मध्ये तिथली महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली. वर्षाच्या सुरुवातीला शंभराला मिळणारी वस्तू वर्षाच्या शेवटी दहा हजारांच्याही पुढं. शेवटी १९९६ ला नवीन चलन काढलं तेव्हा जुन्या एक लाखाला एक नवीन असा दर होता.

मॉस्कोनं जुलै १९९३ मध्ये अचानक जाहीर केलं की सोव्हिएत काळातल्या नोटा आता चालणार नाहीत, बदलून घ्या, आणि बदलण्याला मर्यादा. त्याच्याही आधी जानेवारी १९९१ मध्ये, युनियन असतानाच, ५० आणि १०० रूबलच्या जुन्या नोटा रात्रीच्या बातम्यांत बंद करून टाकल्या होत्या, बदलायला तीन दिवस. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपण सगळ्यांनी काढलीय त्यामुळं त्या रांगा कशा असतील हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तीन वर्षांत दोनदा असं झालं तर माणूस त्या नोटेकडं परत कुठल्या भरवशानं बघंल? आबांच्या वहीतले ते अकरा वर्षं सोबत चाललेले दोन रकाने मला इथं आठवतात. पैशावरचा विश्वास धरून ठेवायला वेळ द्यावा लागतो.

आता रशिया. २ जानेवारी १९९२ ला तिथल्या सरकारनं, उपपंतप्रधान येगोर गायदार यांच्या पुढाकारानं, किमती मोकळ्या सोडल्या. त्या एका महिन्यात किमती साडेतीन पटीच्या घरात गेल्या. कारखान्यांनी काय केलं, माल एकमेकांना देत राहिले आणि पैसे एकमेकांचे थकवत राहिले, आपल्या मोंढ्यात मंदीत व्यापारी करतात तसंच, पण देशभर. १९९२ च्या मध्यापर्यंत ही थकबाकी ३ लाख कोटी रूबलच्या पुढं गेली. पगार थांबले. त्याच जुलैमध्ये व्हिक्टर गेराश्चेंको मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले, जुने गॉसबँकवाले, आणि त्यांनी ही थकबाकी मोकळी करायला कारखान्यांना धो धो कर्ज दिलं. वर्षाचा व्याजदर ८० टक्के होता, ऐकायला केवढा वाटतो, पण त्या वर्षात किमती सव्वीस पट झाल्या हो! ८० टक्क्यांनं पैसे मिळणं म्हणजे फुकट मिळण्यापेक्षाही स्वस्त, ज्याला कर्ज मिळालं तो त्या पैशाचा माल नाहीतर डॉलर घेऊन बसला तरी मालामाल. जेफ्री सॅक्स या अमेरिकन अर्थतज्ञानं गेराश्चेंकोंना जगातला सगळ्यात वाईट मध्यवर्ती बँकर म्हटलं होतं.

मी मात्र वर्गात एवढ्यावर थांबत नाही. कारण गेराश्चेंकोंच्या बाजूनं बघितलं तर त्यांच्या समोर शेकडो गावं होती, एका कारखान्यावर पूर्ण गाव जगायचं अशी गावं, कारखाना बंद म्हणजे दवाखाना बंद, शाळेची हीटिंग बंद. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला नाही त्या वर्षी त्या पट्ट्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, ऊस उभा वाळतो, ऊसतोड टोळ्यांची उचल अंगावर बसते. त्या माणसाला दगडाचं काळीज नव्हतं म्हणून त्यानं दिलं असं मला वाटतं. आणि बँक तेव्हा उत्तरदायी होती संसदेला, संसदेत कारखान्यांच्या मॅनेजरांचं वजन. पण दिलेलं कर्ज कोणाच्या खिशातून गेलं ते पण बघावं लागंल. ते गेलं म्हाताऱ्यांच्या खिशातून. आयुष्यभर बचत बँकेत घालून ठेवलेले रूबल, कोणी मुलीच्या लग्नाला ठेवलेले, कोणी मोटारीच्या यादीत नंबर लावून ठेवलेले, वर्षाभरात त्या पैशात चहासाखर येईना. कायदा करून कोणी ते हिसकावले नाहीत, संसदेत मतदान झालं नाही, पावती फाटली नाही. महागाई हा असा कर आहे की जो भरणाऱ्याला कळतच नाही कोणी वसूल केला, आणि ज्याच्याकडं जमीन आहे, सोनं आहे, माल आहे तो त्यातून सुटतो, ज्याच्याकडं फक्त नोटा आहेत तो पूर्ण सापडतो. याच्यावर मला कोणी कितीही समजावलं तरी माझं मत बदलणार नाही.

११ ऑक्टोबर १९९४ ला एका दिवसात डॉलर ३०८१ रूबलवरून ३९२६ वर गेला, त्याला तिकडं काळा मंगळवार म्हणतात, गेराश्चेंकोंना जावं लागलं. १९९५ च्या कायद्यानं मध्यवर्ती बँकेनं सरकारला थेट उधार देणं बंद झालं. महागाई १९९२ ला २५०० टक्के होती ती १९९६ ला २२ वर आली. पण मग सरकारनं बाजारातून थोड्या मुदतीचं कर्ज उचलायला सुरुवात केली, जुनं फेडायला नवीन, व्याज चढत गेलं आणि १७ ऑगस्ट १९९८ ला हात वर केले. म्हणजे बँक एकटी नाही म्हणायला शिकून भागत नाही, समोरच्याचा खर्च आटोक्यात नसंल तर तो दुसरं दार शोधतो.

पोलंडची गोष्ट लोकं यशाची म्हणून सांगतात, मला ती यशाची वाटते पण सुखाची नाही. १ जानेवारी १९९० ला वित्तमंत्री लेशेक बाल्सेरोविच यांचा प्लॅन लागू झाला, तिथलं चलन झ्लॉटी, ते ९५०० ला एक डॉलर असं बांधलं, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर केला महिन्याला ३६ टक्के. महिन्याला! जानेवारीत किमती तरीही ८० टक्क्यांच्या आसपास वाढल्या, मार्चपर्यंत महिन्याची वाढ चारवर आली. दुकानात माल दिसायला लागला. पण कारखाने बंद पडले, बेकारी पुढच्या तीन-चार वर्षांत १६ टक्क्यांच्या वर गेली. त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की केली, १९९७ च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की सरकारची तूट मध्यवर्ती बँकेकडून पैसे घेऊन भरता येणार नाही. साधा कायदा नाही, घटना. उद्या कोणी आलं आणि म्हणालं यंदा दुष्काळ आहे, यंदा निवडणूक आहे, तरी वाट बंद.

एस्टोनिया त्याहून पुढं गेला. आजच्या आमच्या परभणी जिल्ह्यापेक्षाही कमी लोकांचा हा देश. २० जून १९९२ ला रूबल सोडून स्वतःचं क्रून काढलं, माणशी १५०० रूबल दहास एक दरानं बदलून दिले, आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा दर कायद्यानं बांधला. जेवढं परकी चलन आणि सोनं तिजोरीत तेवढेच क्रून बाजारात, सरकारला उधार एक पैसा नाही. महायुद्धाआधी त्यांच्या जुन्या सरकारनं परदेशात ठेवलेलं सोनं परत मिळालं ते या कामी आलं. म्हणजे यांनी बँकेचा नाही म्हणायचा अधिकारही काढून घेतला, कारण हो म्हणायची सोयच ठेवली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या तीन मोठ्या बँका अडचणीत आल्या तर मध्यवर्ती बँकेनं त्या गोठवल्या, एक बंदच केली, दोन एकत्र केल्या. लोकांचे पैसे अडकले, लोकं रडली. पण पुढच्या बँकवाल्यांना कळलं की इथं कोणी भरून देणार नाही.

हे ज्यांना वेळेवर जमलं नाही त्यांचं उदाहरण बल्गेरिया. तिथं सरकारी बँका तोट्यातल्या कारखान्यांना देत राहिल्या, बँकांना मध्यवर्ती बँक देत राहिली, आणि १९९६-९७ मध्ये सगळा डोलारा कोसळला, डझनाहून जास्त बँका बंद, फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात किमती २४० टक्क्यांच्या वर. मग १ जुलै १९९७ पासून त्यांनीही एस्टोनियासारखंच चलन जर्मन मार्काला बांधून टाकलं. मध्यवर्ती बँकेचं दुसरं मोठं काम इथं दिसतं, बँकांवर नजर ठेवणं. महागाईवर भाषणं सगळे करतात, बँकेच्या वहीत खरंखुरं काय लिहिलंय ते बघायला जाणारा माणूस कमी असतो, आणि नवीन नवीन बाजार आला की रोज नवीन बँक उघडते, कोण मालक, कोणाला कर्ज, काही पत्ता नसतो.

आता तो पोरगा म्हणाला तसं, आपल्याला काय त्याचं. तर हे ऐका. आपल्या देशात १९५५ पासून अशी पद्धत होती की दिल्ली सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप ॲडहॉक ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या हुंड्या, घेऊन सरकारच्या नावावर पैसे जमा करणार. आपोआप. संसदेत मागायचं काम नाही, गव्हर्नरनं हो-नाही म्हणायचं काम नाही. सोय तात्पुरती म्हणून सुरू झाली आणि चाळीस वर्षं चालली, १९७४ पासून तर व्याज ४.६ टक्क्यांवर गोठलेलं. आणि तेवढ्यानं भागेना म्हणून बँकांच्या ठेवींवर हात. नव्वदच्या सुरुवातीला बँकेत शंभर रुपये ठेव आली तर १५ रुपये रिझर्व्ह बँकेत आणि ३८ रुपये ५० पैसे सरकारी रोख्यांत घालायचे, कायद्यानंच. उरले साडेसेहेचाळीस, त्यात उद्योग, व्यापार, शेती. मोंढ्यातला माणूस सावकाराकडं महिना दोन-तीन टक्क्यांनं का जायचा त्याच्या कारणांपैकी हे एक कारण.

१९९१ ला आपल्याकडं डॉलर संपत आले. मे महिन्यात २० टन सोनं विकलं, जुलैमध्ये जवळपास ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवलं, रुपया १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत खाली आणला. मी तेव्हा लहान होते, पण आबा पेपर हातात घेऊन बसलेले मला आठवतात, म्हणाले, "घरचं सोनं गहाण टाकायची पाळी आली म्हणजे वही कुणीतरी बघितली नाही." नंतरचं पुस्तकात सगळं असतं, परवाने गेले, आयात मोकळी झाली. एक गोष्ट मात्र बातम्यांत कमी आली आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. सप्टेंबर १९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना सरकार आणि रिझर्व्ह बँकेत लेखी करार झाला, की ही ॲडहॉक बिलं तीन वर्षांत बंद करायची, आणि १ एप्रिल १९९७ ला ती खरंच बंद झाली. त्याच्या जागी मर्यादा ठरवून, मुदत ठरवून उचल. मनमोहन सिंग स्वतः आधी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, मागणाऱ्या खुर्चीत आणि देणाऱ्या खुर्चीत दोन्हीकडं बसलेला माणूस, त्यानं मागणाऱ्या खुर्चीत असताना स्वतःचे हात बांधून घेतले. ३० वर्षं झाली, कोणी पुतळा उभारला नाही. पण आपण रशिया झालो नाही त्यात या एका कागदाचा वाटा आहे असं मी मनापासून मानते. पुढं २०१६ मध्ये महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य कायद्यात आलं, दोन खाली-वर चालंल, आणि व्याजदर सहा जणांची समिती ठरवायला लागली.

इथं आपल्याकडचे लोकं लगेच म्हणतील, मग कर्जमाफी पण तसलीच ना. नाही. कर्जमाफी बरोबर का चूक यावर वेगळं भांडू, पण ती बजेटमध्ये दिसते, विधानसभेत तिच्यावर बोललं जातं, किती कोटी, कोणाला, सगळं छापून येतं, आवडली नाही तर मत देताना आठवता येते. मला जास्त भीती वाटते ती थकहमीची, तोट्यातल्या कारखान्याला बँकेनं कर्ज द्यावं म्हणून सरकार जामीन राहतं, त्या वर्षी बजेटमध्ये एक रुपयाही दिसत नाही, आणि पाच-सात वर्षांनी बिल येतं तेव्हा सही करणारे घरी गेलेले असतात. कोर्नाईंनी हंगेरीत जे बघितलं ते बघायला आपल्याला बुडापेस्टला जायची गरज नाही.

आणि माझ्या घरचं सांगते. माय अंगणवाडीत सेविका होती, रिटायर होताना मिळालेले आणि साठवलेले मिळून दीड लाख तिनं एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा चार टक्के जास्त व्याज, काचेचं ऑफिस, ओळखीचा एजंट घरी येऊन चहा पिऊन गेलेला. मी अर्थशास्त्र शिकवते आणि मला विचारलं पण नाही, कारण शेजारच्या सगळ्या बायकांनी ठेवले होते. एका सकाळी शटर बंद. दोन वर्षं होत आली, अर्ज, मीटिंगा, पोलीस ठाण्यात यादी, हातात काही नाही. माय काही बोलत नाही, मध्येच पावती काढून बघते आणि परत घडी घालून ठेवते. बल्गेरियाच्या रांगेतल्या म्हातारीचा फोटो मी वर्गात दाखवायचे ना, आता दाखवत नाही.

त्यामुळं त्या पोराला उत्तर म्हणून मी पुढच्या तासाला आधी एवढंच विचारलं, घरातले पैसे कोणाकोणाचे पतसंस्थेत आहेत. अर्ध्याहून जास्त हात वर. मग फळ्यावर लिहून दिलं ते इथंही लिहिते. रिझर्व्ह बँकेचं लायसन असलेल्या बँकेत, मग ती सरकारी असो, खाजगी असो की सहकारी असो, ठेव विम्याखाली माणशी ५ लाखांपर्यंत पैसे सुरक्षित, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी फक्त १ लाख होते. पतसंस्था, मल्टिस्टेट पतसंस्था या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडं, मल्टिस्टेट असली तर केंद्राच्या रजिस्ट्रारकडं, आणि त्यांना हा ठेव विमा नाही. नावात बँक आहे का, लायसन कोणाचं आहे, विम्याच्या यादीत नाव आहे का, हे ठेवायच्या आधी विचारायचं, एजंटला नाही तर बँकेत जाऊन, आणि यादी ऑनलाईन बघता येते. तो मागच्या बाकावरचा पोरगा तास संपल्यावर थांबला, बापाच्या पावतीचा फोटो मोबाईलमध्ये होता तो दाखवला, नाव वाचलं, मायच्याच पावतीवरचं नाव होतं. त्याच्या बापाच्या नावावर साडेतीन लाख, सोयाबीन आणि एक बैलजोडी विकून आलेले. दोघांची नावं आता एकाच यादीत आहेत, येत्या सोमवारी तारीख आहे, आम्ही तिघं मिळून जाणार आहोत.